सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यात कडेगाव नावाचा तालुका आहे. कडेगाव म्हटले की आपल्याकडच्या लोकांना तेथील मोहरम आठवतो. तेथील ताबूत इतके उंच असतात, की ते पाहायला लांबून लोक येतात. या मोहरममध्ये हिंदू आणि मुसलमान दोघेही बरोबरीने भाग घेतात. याच तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजार. बहुतेक लोक शेतकरी किंवा साखर कारखान्यातील कामगार. म्हणजे आपल्या दौंड तालुक्यातील कासुर्डी, यवत, खुटबाव यांसारखेच उसाचे गाव. आपल्याकडे गुऱ्हाळे पुष्कळ आहेत, एवढाच काय तो फरक.

२०२२ साली या लहानशा गावाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. त्याचे कारण होते एक भोंगा. गावातील मंदिरावर हा भोंगा बसवण्यात आला. सायंकाळी सात वाजता तो वाजला, की घरोघरचे टीव्ही बंद करायचे आणि मोबाइल बाजूला ठेवायचे, असे गावाने ठरवले. साडेआठला भोंगा पुन्हा वाजे. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, नाहीतर एकमेकांशी बोलायचे.

ही बातमी मी वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. "सर, ज्याला मोबाइल नको असेल, त्याने आपला आपण बंद करावा. त्यासाठी साऱ्या गावाला भोंगा कशाला?" प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर नीट समजून घ्यायचे, तर आधी मोबाइल हातातून का सुटत नाही, ते पाहावे लागेल.

आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने ही सेवा सुरू केली. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून येई. त्यासाठी टेबलावर संगणक लागे आणि पैसेही बरेच पडत. काम झाले की माणूस उठून जाई. पुढे इंटरनेट मोबाइलमध्ये आले. २०१६ नंतर ते फारच स्वस्त झाले. गुऱ्हाळावर चरकात ऊस घालणाऱ्या माणसाच्या खिशातही ते जाऊन बसले. यात वाईट काही नाही. बाजारभाव, हवामान, शिष्यवृत्तीचा अर्ज, दूरच्या नातेवाइकाचा चेहरा, या सर्व गोष्टी त्यामुळे जवळ आल्या.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवर येऊ लागले. तो काळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. घरात फोन एक आणि शिकणारी मुले तीन, अशी कितीतरी घरे होती. कोणी उसने पैसे घेऊन फोन आणला, कोणी दागिना गहाण ठेवून. अभ्यासासाठी म्हणून मोठ्या कष्टाने आणलेली ती वस्तू होती. मग शाळा उघडल्या, खडू-फळा परत आला. पण फोन मात्र हातातच राहिला.

आता एक साधी गोष्ट पाहा. पुस्तकाला शेवटचे पान असते. वर्तमानपत्र संपते. सिनेमा संपला की दिवे लागतात आणि लोक उठतात. अशा प्रत्येक ठिकाणी थांबायची एक जागा असते. तेथे आपले मन क्षणभर विचार करते, 'आता पुरे, की आणखी?' मोबाइलवरील चित्रफितींना अशी जागाच नसते. बोट वर सरकवले की पुढची फीत हजर. पान कधीच संपू नये, ही युक्ती अझा रास्किन नावाच्या एका अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ साली तयार केली. लोकांचा किती वेळ त्यात जातो हे पाहून पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. तळ नसलेल्या विहिरीत पोहरा सोडला तर दोर कितीही लांब असला तरी पुरत नाही. आपला वेळ असाच खाली खाली जात राहतो.

दुसरी गोष्ट कबुतरांची आहे. बी. एफ. स्किनर हे अमेरिकेतील मोठे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात एक बटण होते. कबुतराने त्यावर चोच मारली की दाणे मिळत. प्रत्येक वेळी दाणे मिळाले, तर कबुतर पोट भरेपर्यंत चोच मारी आणि मग शांत बसे. दाणे देणे बंद केले, तर थोड्याच वेळात ते नाद सोडून देई. पण दाणे कधी मिळाले, कधी नाही, केव्हा मिळतील याचा नेमच नाही, असे केल्यावर कबुतर चोच मारत सुटे. दाणे बंद केले तरी ते लवकर थांबत नसे.

आपण दिवसातून किती वेळा मोबाइल उघडून पाहतो? बहुतेक वेळा त्यात आपल्यासाठी काहीच नसते. पण कधीतरी मित्राचा निरोप असतो, कधी आपल्या फोटोला कोणी पसंती दिलेली असते, कधी पोट धरून हसवणारी एखादी फीत लागते. केव्हा काय मिळेल, हे ठाऊक नसते, म्हणून बोट सरकत राहते. हे फुकट मिळते असे आपल्याला वाटते. पण हे चालवणाऱ्या कंपन्यांना पैसे जाहिरातींतून मिळतात. आपण जितका वेळ पाहत राहू, तितक्या जाहिराती आपल्यापुढे येतात. तेव्हा आपल्याला धरून ठेवणे हा त्यांचा धंदा आहे. फार हुशार, शिकलेली माणसे त्या कामाला लावलेली आहेत. त्यांच्यापुढे चौदा वर्षांच्या मुलाने एकट्याने, अंधारात, पांघरुणाखाली उभे राहायचे. ही लढत बरोबरीची नाही.

येथे एक शब्द समजून घेऊ. उर्दूत ज्याला आपण 'लत' म्हणतो, त्याला मराठीत 'व्यसन' म्हणतात. 'शौक' हा शब्द मात्र दोन्ही भाषांत चालतो. तुमच्या निबंधाच्या वह्यांत तो नेहमी चुकतो. 'मला मोबाइलचा शोक आहे,' असे वाक्य मला दर महिन्याला दोन-तीन वह्यांत सापडते. मराठीत 'शोक' म्हणजे दुःख. लाल शाईने मी वर एक मात्रा देतो आणि हसू येते. पण कधी कधी वाटते, या वाक्यात चूक फार मोठी नसावी.

आमच्याच शाळेत नववीत एक मुलगा आहे. त्याचे नाव येथे सांगत नाही. सातवीपर्यंत तो कबड्डीच्या संघात होता. चढाईला गेला की हात लावून परत येणारच, अशी त्याची ख्याती. आठवीत तो मैदानावर दिसेनासा झाला. तिसऱ्या तासाला डोके बाकावर. विचारले तर म्हणे, डोके दुखते. घरी आई एक शब्द बोलली तरी तो अंगावर येई आणि नंतर कोपऱ्यात रडत बसे. आईला वाटले, नजर लागली. वडिलांना वाटले, वाईट संगत लागली. खरी गोष्ट अशी होती, की घरातील सगळे झोपले की हा मोबाइलवर खेळ सुरू करी. दुसरे चार मित्र आपापल्या घरून त्याच खेळात येत. अकराला बसलेले हे पाच जण दोन दोन वाजेपर्यंत उठत नसत.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. हा मुलगा चार-पाच तासच झोपत होता. झोपेत मेंदू दिवसभरातले शिकलेले पक्के करतो आणि मनही शांत होते. झोप कमी पडली की पाठ केलेले आठवत नाही, क्षुल्लक गोष्टीचा राग येतो, उगीच रडू येते. मनाच्या आजाराची बरीचशी चिन्हे निव्वळ अपुऱ्या झोपेनेही दिसू लागतात. म्हणून कोणी मूल असे वागू लागले, तर ते किती वाजता झोपते, हे मी सर्वांत आधी विचारतो.

मुलींचे थोडे वेगळे असते. आपल्याकडे अनेक घरांत मुलीच्या हाती फोन सर्वांत शेवटी येतो आणि काही बिनसले की सर्वांत आधी तिच्याच हातून काढून घेतला जातो. जो थोडा वेळ मिळतो त्यात ती इतर मुलींचे फोटो पाहते. चांगला उजेड, चांगला कोन, वीस फोटोंतून निवडलेला एक फोटो. आणि तो ती आपल्या आरशातल्या चेहऱ्याशी ताडून पाहते. ही तुलना कोणालाच सुख देत नाही. मैत्रिणीला सांगितले तर निम्मे दुःख कमी होईल. पण प्रत्येक जण आपापल्या पडद्यात डोके घालून बसली आहे.

हे सर्व वाचून असे समजू नका, की मोबाइल पाहणारे प्रत्येक मूल आजारी आहे. तसे मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची जी नवी यादी तयार केली, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या यादीत इंटरनेट वापरणे हा आजार म्हणून लिहिलेला नाही. खेळाचे व्यसन मात्र लिहिले आहे. त्याची चिन्हेही दिली आहेत. खेळणे आपल्या हातात राहत नाही, जेवण, अभ्यास, माणसे यांपेक्षा खेळ मोठा होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो. हे साधारण वर्षभर चालले आणि त्यामुळे आयुष्याची घडी मोडली, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. शास्त्रज्ञांत आणखी एका गोष्टीवर वाद आहे. मोबाइलमुळे मूल उदास होते, की उदास मूल मोबाइलकडे जाते? दोन्ही घडते, असे दिसते. ज्याला घरी-दारी कोणी विचारत नाही, त्याला पडद्यावर तरी कोणीतरी भेटते. एकटेपणाला उर्दूत 'तनहाई' म्हणतात. तनहाई घालवण्यासाठी हाती घेतलेली वस्तू तनहाई वाढवत जाते, हीच यातली मोठी अडचण आहे.

त्या नववीच्या मुलाला मी एकदा बाजूला घेऊन बसलो. रागावलो नाही. म्हटले, "तुलाही त्रास होतो ना? मग बंद का करत नाहीस?" तो बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, "सर, मी एकट्याने बंद केला तरी बाकीचे चौघे खेळतातच. सकाळी ते रात्रीच्या खेळाचंच बोलतात. मग मी कोणाशी बोलू?"

मागच्या बाकावरून आलेल्या प्रश्नाचे उत्तर या मुलाने देऊन टाकले. सोडणारा एकटा असेल, तर त्याची फक्त सवय सुटत नाही, मित्रही सुटतात. ही किंमत चौदाव्या वर्षी कोण देईल?

रोजाचे उदाहरण घ्या. एरवी दुपारचे जेवण तासभर लांबले तरी आपण स्वयंपाकघरात चार चकरा मारतो. रमजानमध्ये मात्र आठवी-नववीची मुले दिवसभर पाण्याशिवाय राहतात आणि वर खेळतातही. अल्लाहच्या आज्ञेवरील श्रद्धा हे त्याचे पहिले कारण. पण आणखीही एक कारण आहे. घरात, मोहल्ल्यात, वर्गात सगळेच थांबलेले असतात. ताट कोणाच्याच पुढे नसते. आणि केव्हा सोडायचे, ती वेळ ठरलेली असते. ती मिनिटभर पुढे नाही, मिनिटभर मागे नाही. अनेक गावांत इफ्तारची वेळ झाल्याचे भोंगा वाजवून कळवतात. तोच रोजा परगावी, परक्या लोकांत, एकट्याने ठेवून पाहा. किती जड जातो, ते ज्याने ठेवला आहे त्याला विचारा.

वडगावच्या लोकांनी जे केले, ते याच जातीचे होते. तेथील शाळा साथीनंतर सुरू झाल्या तेव्हा शिक्षकांच्या लक्षात आले, की मुलांचे अभ्यासात मन लागत नाही. लिहिण्या-वाचण्याचा कंटाळा करतात, आणि शाळेच्या आधी व नंतर फोन घेऊन बसतात. विजय मोहिते हे तेव्हा गावचे सरपंच होते. त्यांनी भोंग्याची कल्पना मांडली. ती लगेच सर्वांना पटली असे नाही. पुरुष मंडळी हसली. मग १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावातील स्त्रियांची सभा बोलावण्यात आली. सभेत बायकांनी मोकळेपणाने सांगितले, की आम्हालाही टीव्हीवरच्या मालिका सोडवत नाहीत. मला या हकिगतीतील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'मुले बिघडली' असे म्हणायला काही लागत नाही. 'आमचेही तसेच झाले आहे' असे चार माणसांत म्हणायला धैर्य लागते.

स्त्रियांनी ठरवले आणि भोंगा आला. केवळ भोंगा वाजवून काम होणार नव्हते. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी गेले आणि लोकांना समजावून सांगितले. मुलाला 'फोन ठेव' म्हणताना बापाच्या हातातही फोन असणार नाही, असा हा नियम होता. त्यामुळे कोणाला आपण एकटेच मागे पडतो असे वाटायचे कारण उरले नाही. त्या दीड तासात पाहायला कोणीच नव्हते आणि दाखवायलाही कोणी नव्हते.

वडगावने निवडलेली वेळही पाहण्यासारखी आहे. ऑगस्टमध्ये सातच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे हा दीड तास साधारणपणे मगरिब आणि इशा यांच्यामधला. आपल्या घरांत ही वेळ पूर्वीपासून सबक घेण्याची, पारा वाचण्याची. मराठी घरांत हीच वेळ दिवेलागणीची. शुभंकरोती म्हणून झाले की मुले पाढे म्हणत. दोन्हीकडे ही रीत होती आणि दोन्हीकडे ती एकाच वेळी सैल झाली. मालिका सुरू होण्याची वेळही तीच ना!

सर्वच गावांनी हा मार्ग घेतला असे नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी घालणारा ठराव केला. ऑस्ट्रेलिया या देशाने तर कायदाच केला. १० डिसेंबर २०२५ पासून तेथे सोळा वर्षांखालील मुलांना बहुतेक समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. या दोन्ही उपायांमागील कळकळ खरी आहे. शिवाय सर्वांना एकच नियम असल्याने त्यात एकटे पडण्याची भीतीही कमी. तरी माझे मत वडगावच्या बाजूने आहे. एक तर, मोबाइलवरच शिकवण्या आणि अर्ज चालत असताना तो मुलांना अजिबात नाकारणे अवघड जाते. दुसरे असे, की नियम फक्त लहानांना लावला की लहान माणसे तो चोरून मोडायला शिकतात. साखर आईने खायची आणि मुलाला म्हणायचे दात किडतील, असे फार दिवस चालत नाही. सीमाभागातील बेळगावजवळच्या हलगा गावाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये भोंग्याचाच मार्ग धरला. सांगली जिल्ह्यातील गावांची रीत पाहूनच त्यांना ते सुचले.

कासुर्डीत किंवा दौंडात उद्या भोंगा बसेल, असे मी म्हणत नाही. पुणे-सोलापूर महामार्ग शेजारून वाहतो. रात्रपाळीची माणसे आहेत, दुकाने आहेत, ढाबे आहेत. सात वाजता येथे कित्येकांचा दिवस सुरू होतो. पण भोंगा म्हणजे काही लोखंडाचे यंत्रच असावे लागते असे नाही. एका घरातील पाच माणसांची किंवा एका गल्लीतील सहा मित्रांची ठरलेली वेळ म्हणजेही भोंगाच.

मात्र त्या वेळेत करायला काहीतरी हवे. रिकाम्या हाताला फोन लगेच आठवतो. आपल्या भागात हिवाळ्यात गुऱ्हाळ चालू असते. काहिलीत रस उकळताना पाहणे, मळी काढताना रंग कसा बदलतो ते गुळव्याला विचारणे, गरम काकवी बोटावर घेऊन चाटणे, यापुढे कोणती चित्रफीत टिकेल? कबड्डीला तर मैदान आणि श्वास याशिवाय काही लागत नाही. शाळेच्या कपाटातील उर्दू-मराठी पुस्तके वर्षातून एकदा, तपासणीच्या वेळी, धूळ झटकण्यासाठी बाहेर निघतात. ती घरी न्यायला कोणाची मनाई नाही.

काही मुलांचे दुखणे मात्र मित्रांच्या ठरावाने बरे होण्यासारखे नसते. खाणे-झोपणे सुटले, शाळा सुटली, खेळात पैसे लावून कर्ज झाले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ते मोठ्या माणसाला सांगितलेच पाहिजे. ताप आल्यावर आपण डॉक्टरांकडे जातो, यातही तसेच. पुण्यातील मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केले. तेव्हा तेथे गर्द आणि दारू यांनी पोखरलेली माणसे येत. पुढे मोबाइलच्या व्यसनासाठीही लोक मदत मागू लागले. बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेने २०१४ साली तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचार केंद्र उघडले. आणि इतके लांब जायची गरजही नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहेच. ज्या फोनने त्रास दिला, त्याच फोनवरून हे दोन्ही क्रमांक लागतात.

तो नववीचा मुलगा आणि त्याचे चार मित्र यांना मी वडगावची हकिगत सांगितली होती. पाच जणांनी मिळून ठरवले, की रात्री दहाला खेळ बंद आणि फोन आईच्या उशाशी. तिसऱ्याच रात्री एकाने नियम मोडला. खेळात कोण चालू आहे, ते इतरांना हिरव्या ठिपक्यावरून दिसते. त्यामुळे चोरी पकडली गेली. सकाळी शाळेच्या नळापाशी मोठे भांडण झाले. दोन दिवस कोणी कोणाशी बोलेना. मग त्यांनीच बसून नियम थोडा बदलला. शनिवारी साडेअकरापर्यंत सूट, आणि ज्याने मोडला त्याने दुसऱ्या दिवशी सर्वांना वडापाव द्यायचा. आतापर्यंत चार वडापाव झाले आहेत, त्यातील तीन एकाच मुलाच्या खिशातून. तिसऱ्या तासाला तो मुलगा आता जागा असतो. गणितात अजून बराच मागे आहे. गेल्या आठवड्यात कबड्डीच्या मैदानाबाहेर चपला काढून उभा होता. कोणीतरी हाक मारील, याची वाट पाहत.

शब्दार्थ

हकिगत – घडलेली गोष्ट, वाकया. ख्याती – प्रसिद्धी, शोहरत. क्षुल्लक – अगदी लहान, मामुली. दिवेलागण – संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ. कळकळ – मनापासून वाटणारी काळजी. काहील – गूळ करण्याची मोठी कढई. गुळव्या – गूळ तयार करणारा कारागीर. उसने – परत करण्याच्या बोलीने घेतलेले.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात लिहा.
(अ) वडगावमध्ये भोंगा कोणत्या दोन वेळी वाजत असे?
(आ) कबुतर कोणत्या वेळी चोच मारत सुटे?

२. 'मग मी कोणाशी बोलू?' असे नववीचा मुलगा का म्हणाला, ते पाच-सहा ओळींत लिहा.

३. लेखकाला बान्सीपेक्षा वडगावचा मार्ग बरा वाटतो. तुम्हांला काय वाटते? कारणे द्या.

४. वाक्यांत उपयोग करा : मन लागणे, नाद सोडणे, अंगावर येणे, एकटे पडणे.

५. 'शौक' आणि 'शोक' या शब्दांचा अर्थ स्पष्ट होईल अशी दोन वाक्ये लिहा.

६. उपक्रम : घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा, की त्यांच्या लहानपणी मगरिब ते इशा या वेळात घरात काय चाले. त्यांनी सांगितलेले मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.